दुभाषा हवा का?

नियम पहिला: पदरचं काही घालायचं नाही.
नियम दुसरा: बोलायचं ते प्रथमपुरुषी.
"यांच्या पोटात दुखतंय" नाही म्हणायचं,
"माझ्या पोटात दुखतंय" म्हणायचं.
हडर्सफील्डच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
तासाला अठरा पौंडांवर
मी दुसऱ्यांचं ‘मी’ होते.

शाळेत बाई शिकवायच्या: मी, आम्ही, प्रथम पुरुष.
वर्गात आम्ही अठ्ठावीस मुली.
एकीनंही विचारलं नाही, पुरुष का म्हणून.

मालन गायधनी. वय त्रेचाळीस, गाव निफाडच्या अलीकडचं.
सँडविचच्या कारखान्यात काकड्या चिरते, रात्रपाळीला.
डॉक्टर तिच्या नवऱ्याकडे बघून विचारतो,
नवरा माझ्याकडे बघतो,
मी मालनकडे.
"कळ येते," ती म्हणाली, "उजवीकडून निघते, मांडीत उतरते.
मग नुसता ठणका.
आणि मधूनच अशी सणक
की सुरी खाली ठेवावी लागते."

कळ, ठणका, सणक.
एका घरातल्या तीन जावा, तिघींची तीन तोंडं.
माझ्या इंग्रजीत तिघींना मिळून एकच खोली.
तरी मी जागा केली, रेटून रेटून बसवल्या,
थांबून थांबून येणारी, खाली उतरणारी, भोसकल्यासारखी.
डॉक्टरनं टंकलं: थोडी अस्वस्थता.

"शून्य ते दहा, किती?"
"दहा म्हणजे केवढं?"
"सहन होणार नाही एवढं."
"सहन तर होतंय की. चालत आले ना मी."
आणि जरा हिशेब करून म्हणाली, चार.
नियम पहिला.
मी म्हटलं, चार.

पत्र गेलं तिच्या घरी, तिनं वाचायला माझ्याकडे आणलं:
ही सुस्वभावी स्त्री, काहीशी चिंताळू.
चालणं वाढवावं. भाषेची अडचण आहे.

मार्चमध्ये पीळ पडला.
बीजकोशावर गाठ, मोसंब्याएवढी.
पट्ट्याशेजारीच कोसळली.
आधी कुणीतरी मशीन बंद केलं,
मग तिला उचललं.

मला वाटायचं, दोष पुलाचा.
मी पूल. फळ्या कमी पडल्या असतील.
रात्र रात्र शब्दकोश घेऊन बसायचे
सणकेला शब्द शोधत.

मग माझी पाळी आली
आणि थांबेचना.

तोच मजला, त्याच निळ्या खुर्च्या.
फॉर्मवर रकाना: दुभाषा हवा का?
मी हसून ‘नाही’वर खूण केली.
एकोणीस वर्षांचं इंग्रजी, धुऊन इस्त्री केलेलं.
तारखा दिल्या. पॅड मोजून सांगितले.
म्हटलं, आतून कुणीतरी किसणी फिरवतंय.
म्हटलं, नऊ. एवढं मालनवरून शिकले होते.

या वेळी डॉक्टर बाई होत्या. मला बरं वाटलं होतं.
"आपल्या वयात होतंच असं," त्या म्हणाल्या,
"आता थोडं चिमटल्यासारखं होईल."
आणि भूल न देता आतला तुकडा काढला.
मी ओरडले ते कुठल्याच भाषेत नव्हतं.
नर्सनं माझा गुडघा थोपटला.
"शाब्बास. गुणाची गं."

दोन आठवड्यांनी पत्र.
उघडायच्या आधीच पाठ होतं मला:
ही सुस्वभावी स्त्री.

काल बसथांब्यावर मालन भेटली.
पोटावर हात ठेवून चालते अजून,
जणू तिथं कुणी निजलंय.
पिशवी खाली ठेवली, नीट बघितलं माझ्याकडे,
म्हणाली, "कुठं दुखतंय गं?"

आणि मी, सवयीनं,
मान वळवली,
हे कुणाला विचारायचंय ते बघायला.

मागं कुणीच नव्हतं.