कडू वांग्याचा रविवार

चाळीस वर्षं मी वांगी चाखतोय.
देठाजवळची फोड, कच्ची, बिनमिठाची.
आधी दाताखाली नुसतं पाणी,
मग ओल्या सरकीसारखं काहीतरी,
आणि मग, असलंच तर,
जिभेच्या मुळाशी येऊन बसतं ते.
ते आलं की थुंकायचं
आणि टोपली परत. दर कितीही उतरवू देत.
बामणोदच्या बाजारात म्हणतात,
सुपडूनं तोंड वाकडं केलं
की त्या वांग्याचं लग्न मोडलं.

मार्गशीर्षात धाकटी सून आली, चैत्रा,
चिकमगळूरकडची.
मला ती 'मावा' म्हणते.
कानडीत सासऱ्याला तेच म्हणतात,
पण फैजपूरच्या पानटपरीवर
अजून हसून राह्यलेत लोक.
तिच्या सामानात एक दुमजली पितळी भांडं,
आम्हाला वाटलं, अभिषेकाचं.
गल्लीत चहा उकळायच्या वेळेला
आमच्या ओट्यावर थेंब थेंब काळं गळायचं.

कॉफी मला ठाऊक होती ती लग्नातली,
फुसफुसणाऱ्या यंत्राची,
वर चॉकलेटची भुकटी, खाली नुसता फेस.
ही वेगळी. ही जळक्या खळ्यासारखी.

त्या रविवारी दूधवाला आला नाही.
कोरीच प्यालो, पेलाभर, बिनसाखरेची,
सून बघत होती म्हणून तोंडही वाकडं केलं नाही.
तसाच बाजारात.
सहा टोपल्या चाखल्या, सहाही गोड.
म्हटलं, काय माल उतरलाय यंदा!

तोताराम झोपेच्या केळीच्या बागेत सत्तर पान.
काड्यांच्या जाळात वांगी फुटली,
साल निघाली,
बडजीत मिरची, लसूण, कांद्याची पात,
वरून शेंगदाणे, खोबरं, कच्चं तेल.
हात माझे नेहमीचेच.
केळीच्या पानावर कळण्याची भाकरी, त्यावर भरीत.

आधी एका पोरानं घास बाहेर काढला.
पोरं काढतातच.
मग पंगत हळू झाली.
पाणी फार मागायला लागले लोक.
शेवटी तोताराम आला, कानाशी वाकला,
"कडू हाये रे भो."
मी पुन्हा खाल्लं.
शहाळ्याच्या मलईसारखं लागलं मला,
आईशप्पथ.
वाटलं, सत्तर जणांनी मिळून माझी थट्टा मांडलीय.

रात्री चैत्रानं ताटलीत मांडलं,
कारल्याची चकती, केळ्याचा काप,
एक कॉफीआधी, एक कॉफीनंतर.
कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत गेली,
मी परीक्षेला बसल्यासारखा.
कॉफीनंतरचं कारलं अर्धंच कारलं होतं.
आणि केळ? तेच केळ, त्याच फण्यातलं,
कुणी पाकात बुडवून आणलंय असं.
"आमचे आजोबा," ती म्हणाली,
"गूळ घ्यायला जाताना कॉफी पीत नव्हते.
सगळाच गूळ चांगला लागतो, मावा."
हे आधी नाही सांगायचं?
"तुम्ही चाखायला जाताय, हे कुठं माहीत होतं मला?"

तोतारामचे पैसे परत केले.
तो दारात उभा राहून बोलला ते बोलला,
चाळीस वर्षांची जीभ वगैरे.
तेव्हा नुकताच पेला रिकामा केला होता मी.
बोलणं मात्र जसंच्या तसं कडू लागलं.
तिथं काही चालत नाही कॉफीचं.

आता बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत बंद.

केसर सगळं ऐकत होती, भाकरी थापत.
माझी बायको. चाळीस वर्षं
तिच्या भाजीची पहिली फोड मी अशीच चाखली,
देठाजवळची असल्यासारखी.
किती ताटं परत फिरवली, मोजली नाहीत.
तिनं बहुतेक मोजली असावीत.
तवा उतरवता उतरवता
सुनेला एवढंच म्हणाली,
"हे भांडं लवकर आणायचं होतं गं कुणीतरी."

तेव्हापासून रोज जेवणाआधी
ती माझ्यासमोर अर्धा पेला काळी कॉफी ठेवते.
काही बोलत नाही.
मी पितो.
मग ती वाढते.