एक हात खिशात

ॲक्रिंग्टनच्या बोलिंग क्लबचा ॲम्प्लिफायर
डोरीन हॅस्लम ढकलगाडीत घालून घेऊन आली,
वर प्लास्टिक पांघरलेलं, तान्ह्या मुलासारखं.
"घोंघावतोय," म्हणाली. "गुरुवारी हौजी आहे.
आकडे ऐकू आले नाहीत तर म्हाताऱ्या मला खातील."
ती स्वतः एक्क्याऐंशीची.

जिन्याखालच्या माझ्या खोलीत
मी प्लग काढला, आणि चहा होईस्तोवर
कशालाच हात लावला नाही.
तिला वाटलं, आळस.
बंद यंत्राच्या पोटात चारशे व्होल्ट
रुसलेल्या जावयासारखे बसून असतात.
समजूत काढून त्यांना वाट करून द्यावी लागते.
मग मीटर. शून्य.
मग पुन्हा एकदा मीटर.

आणि डावा हात खिशात.
इचलकरंजीत शिरगुप्पे मास्तर
बिनखिशाच्या चड्डीत आलेल्या पोराला
दुकानाबाहेर उभं करत.
"दोन्ही हात आत गेले की मधे काळीज येतं."
एवढंच त्यांनी तोंडानं शिकवलं.
बाकी यंत्रमागांच्या खडखडाटात
ऐकूच आलं नाही.

व्हॉल्व्ह उपटत नसतात.
बुडाशी धरायचं, काचेला नाही,
आणि किंचित डुलवत वर घ्यायचं
हलणाऱ्या दुधाच्या दातासारखं,
गप्पांत, पोराला कळू न देता.
सॉकेटमधला काळा मळ
दातांच्या फटींच्या ब्रशानं निघतो.

माथ्यावर आतून चंदेरी कल्हई असते.
तिसऱ्याची दुधाळ पडली होती.
हवा शिरली. कुठून,
ते काचेलाही ठाऊक नाही.
चौथा ठणठणीत. तोही काढला.
"तो का? चांगला आहे ना?"
"हे दोघं जोडीनं ओढतात, डोरीन.
एक जुना, एक नवा, की जू तिरकं होतं.
बदलायची तर जोडी."
ती जरा गप्प राहिली.
"फ्रँक गेला तेव्हा
मला नाही कोणी बदललं."

मी स्क्रूड्रायव्हर शोधत राहिलो.
तो हातातच होता.

मेलेला तिसरा तिनं खिडकीपाशी नेला,
अंगठा ओला करून बुडाजवळ चोळला.
चष्म्याशिवाय वाचलं:
"ब्लॅकबर्न. एकसष्ट. मार्च.
आमचाच की हा.
मी जाळीवर होते, दुसऱ्या बाकावर."
सतरा वर्षांची. केसाहून बारीक तार,
चिमटा, पांढरी टोपी,
आणि ओठ मिटलेले.
श्वास नाकानं, तोही मान वळवून.
वाफ लागली की ट्रे भंगारात.
"शिंक दाबायला शिकले तिथं.
अजून येत नाही मला नीट शिंकता."

नवी जोडी बसवली. बायस लावला.
दिवा घालवला, कारण अंधारातच कळतं:
वात केशरी हवी, पत्रा काळाच राहायला हवा.
पत्र्याला लाली चढली की हात बटणावर.
काचेवर निळी झाक आली
तर घाबरायचं कारण नाही.
पेन्सिलीनं एकेकाला टकटक केलं.
कोणी उलट बोललं नाही.

"आम्ही हे पेटलेले कधी पाहिलेच नाहीत,"
अंधारातून ती म्हणाली.
"तपासणी वरच्या मजल्यावर. पुरुषांची."

मी माइक दिला. काहीही बोल, म्हटलं,
एखादा आकडा बोल.
ती बोलली नाही.
गाल फुगवले, आणि फुंकलं,
लांब, अगदी शेवटापर्यंत,
आणि जिन्याखालची ती खोली
कपाटातल्या स्क्रूंच्या बरण्यांसकट थरारली.

"चालतोय," म्हणाली. "किती झाले?"

चौथा मी वर्तमानपत्रात गुंडाळून
खणात ठेवला. कशासाठी, माहीत नाही.
आवरताना बघितलं तर तिसरा टेबलावर नव्हता.

खिडकीतून दिसत होती ती:
भुरभुर पावसात, उतारावर,
जड ढकलगाडी एकाच हातानं सावरत.
दुसरा खिशात.