सतरा नंबरचा पेला

बेचाळीस पेले घेतले फोंड्याच्या बाजारातून,
पंच्याऐंशीला एक,
आणि प्रत्येकाच्या बुडाशी मी आकडा घातला
लाल नेलपॉलिशने, रात्री, ओट्यापाशी बसून,
वासाने डोकं धरेपर्यंत.
कारण गेल्या वर्षी मेळाव्यानंतर
भरतीने परत आणून दिले होते आमचेच प्लास्टिकचे ग्लास,
कांदळाच्या मुळांत एकेक खोचून,
जशी कुणी न विसरता परत करावी
शेजारणीची वाटी.

कुंभारजुवे गळ मंडळ. सभासद एकेचाळीस.
चोणक केवढा होता हे सांगताना
एकेचाळिसांचेही हात आपोआप लांब होतात.
खजिनदार मी,
कारण माझ्या गळाला फक्त शेंगटी लागते
आणि मी ती शेंगटी म्हणूनच सांगते.

ठराव साधा होता: पन्नास रुपये अनामत,
पेला परत, पैसे परत.
उल्हास वाघुर्मेकरने हात वर करून विचारलं,
व्याज?

एस्पेरांसाच्या तावेर्नामागे माडांना बल्ब बांधले होते.
हुर्राक नवा, पहिल्या आठवड्याचा,
लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची.
पेला पेल्यावर वाजत होता. प्लास्टिक कधी वाजलं नव्हतं.
त्या आवाजाने की काय,
माणसं एकमेकांकडे बघून पीत होती.

मग बिल आलं.
गेल्या वर्षी सात बाटल्या. यंदा बारा.
मी कागद उलटा करून पाहिला,
मागे कुण्या लग्नाची बेरीज असेल म्हणून.
मागे कोरं.
एस्पेरांसा काउंटर पुसता पुसता म्हणाली,
"तुजे पेले व्हड गो बाय, म्हजें माप ल्हान."

खरंच. प्लास्टिकचा ग्लास धरला की वाकायचा,
म्हणून माणूस बेताने भरायचा.
स्टील ताठ. काठोकाठ ओता, तक्रार नाही.
खाडी वाचली, उल्हास म्हणाला, आता मंडळ कोण वाचवणार?
दुर्गादास म्हणाला, आतून एक रेघ मारा,
खांबावर भरतीची मारतात तशी.
कुठे मारायची यावर बारा वाजले,
आणि तेरावी बाटली.

पेले धुतले, पालथे घातले, मोजले.
एकेचाळीस.
सतरा नाही.
सगळे म्हणतात मी दिला, आणि खरंच दिला होता.
पेटीत पन्नास रुपये उरले, कुणाचे ते कळेना.
जमेला धरावेत तर पेला गेलेला,
तोटा मांडावा तर पैसे हातात.
शेवटी तोटा पस्तीसचा, असं दुर्गादासने काढून दिलं
आणि तो घरी गेला.
मी सतराच्या पुढे लिहिलं: हरवला.

मंगळवारी ओहोटीला बांधावरून चालले होते.
मानशीच्या दारापाशी एव्हारिस्त फुर्ताद होडीत ओणवा,
पाणी उपसत होता.
एव्हारिस्त सभासद नाही. वर्गणी त्याने कधी भरली नाही,
मासा कुठे लागेल ते मात्र सगळे त्यालाच विचारतात.
पेला वर यायचा, उन्हात रिकामा व्हायचा,
आणि दर खेपेला मला बुडाचा लाल सतरा दिसायचा.

मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला,
"तूंच सांगलेंस न्हय, परत परत वापरात म्हूण?"

सांगितलं होतं. खुर्चीवर उभं राहून,
माइक बंद पडल्यावर ओरडून सांगितलं होतं.

बांधावर बसून वही काढली.
'हरवला' खोडलं. 'वापरात' लिहिलं.
उल्हास विचारील, हे कुठलं खातं.
मग पर्समधून पन्नासची नोट काढून पुढे केली,
पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते
आणि होडीत अजून
घोट्याएवढं पाणी.