बस्वराजसाठी, कपाट क्रमांक नऊ

बस्वराज, बर्फाच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
तू थेट इथं आलास,
बाह्या अजून ओल्या,
आणि विचारलंस, मॅडम,
ते उत्तरेकडचे देव, हातोडावाला, एका डोळ्याचा,
त्यांच्यावर काही आहे का? अगदी पहिल्यापासून?

पहिल्यापासून म्हणजे बर्फच आहे रे.
एका अंगाला बर्फ, एका अंगाला आग,
मध्ये नुसती भेग.
उदगीरच्या मे महिन्यात तुझ्या कारखान्याचं दार उघडतं
तेव्हा उंबऱ्यावर धुरासारखं काही उभं राहतं ना,
तिथून सुरू होतं त्यांचं जग.
मग एक गाय येते. खारट बर्फ चाटत बसते.
पहिल्या दिवशी केस दिसतात, दुसऱ्या दिवशी डोकं,
तिसऱ्या दिवशी अख्खा माणूस.
आपल्याकडच्या म्हशी जन्मभर मिठाचा खडा चाटतात,
कुणी निघत नाही. असो.

आधी हे पातळ पुस्तक ने, मुलांच्या कपाटातलं.
लाजू नकोस. मोठ्यांसाठीचं जाडजूड आहे,
पण त्यात देव कमी, तळटिपा फार.
आणि ते चकचकीत, तलवारीच्या चित्राचं, ते राहू दे.
लिहिणाऱ्याला शत्रू शोधायचे होते,
देव वाटेत सापडले.
देणगीत आलंय म्हणून ठेवलंय.

मग जुनी गाणी. अनुवादाचाही अनुवाद आहे,
तरी मोठ्यानं वाच, मशीनच्या आवाजात.
ज्यांनी ही लिहून ठेवली
ते तोवर दुसऱ्याच देवापुढं हात जोडायला लागले होते.
तरी लिहिली,
आजोळची भांडी कल्हई लावून जपावीत तशी.
म्हणून जिथं फार लख्ख वाटेल
तिथं थांब, नखानं खरवडून बघ.
तांबं लागतं.

त्या एका डोळ्याच्या देवानं दुसरा डोळा
विहिरीतल्या एका घोटासाठी काढून दिला.
पुण्याच्या माझ्या भाचीला हे भयंकर वाटलं.
म्हटलं, टँकरच्या रांगेत उभी राहिली असतीस
तर आधी भाव विचारला असतास.

झाडावर एक खारही आहे.
शेंड्यावरच्या गरुडाच्या शिव्या मुळाशी नागाला,
नागाच्या शिव्या गरुडाला, दिवसभर हेच.
आपल्या कार्यकारिणीवर ती दोनदा निवडून आलीय.

खरं तर सगळ्यात आधी दिलं असतं ते पुस्तक
कपाट नऊ, तिसरा खण. जागा रिकामी आहे.
निळ्या कापडाची बांधणी, पाठीला चिकटपट्टी.
त्र्याण्णवच्या गणपतीत बिडवे गुरुजींनी नेलं.
गाव किल्लारीकडचं, सासुरवाडी इथली,
आले की हमखास वाचनालयात यायचे.
वर्गात सांगतो म्हणाले, दसऱ्याला आणून देतो.
विसर्जन झालं. लोक नुकते झोपले होते.

त्यात एक पान आहे.
दगडाला बांधलेला एक लबाड,
वरून सापाचं विष थेंब थेंब,
आणि त्याची बायको, वाडगं धरून बसलेली.
वाडगं भरतं. ती ओतायला उठते.
तेवढ्यात एक थेंब त्याच्या तोंडावर पडतो,
तो तडफडतो,
जमीन हलते.

लोक त्याच्याबद्दल बोलतात.
मला तिची घाई दिसते,
किती पळत गेली असेल ओतायला,
किती पळत परत.

गुरुजी त्या पानापर्यंत पोचले होते का,
माहीत नाही.

नोंदवहीत 'परत' हा रकाना मी कोराच ठेवला.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले, गहाळ लिहा.
म्हटलं, गहाळ नाही,
वाचकाकडं आहे.

घे, इथं सही कर. पंधरा दिवस.
उशीर झाला तर दंड घेणार नाही मी,
फक्त कुणाबरोबर पाठवू नकोस.
स्वतः आणून दे.