पिवळ्या वाटा

खडू आणावाच लागला नाही.
कुपवाडच्या आमच्या कारखान्यात
माणूस चालला की मागं पिवळं उमटतं.
रविवारी फरशी धुऊन घेतली
आणि सोमवारी शेवटच्या भोंग्यानंतर
जिन्यावर उभी राहून पाहिलं:
चक्कीपासून चाळणीला, चाळणीपासून काट्याला,
काट्यावरून परत चक्कीकडं,
कारण पोती शिवायची सुई तिथल्या खिळ्याला.
एकट्या सुशाबाई ऐवळेंच्या पायांनी
शेडभर वाकळेचे टाके घातले होते.

सुई हलवली. काटा चार फूट सरकवला.
महिन्याभरात टाके उसवले.
श्रेणिक मगदूम खूश; पेढे वाटले,
भिंतीवर फळा आला, फळ्यावर माझं नाव.
"झालं की तुमचं काम, कोष्टीबाई."

शुक्रवारी ट्रक उभाच.
पोती भरलेली, शिवलेली, ताडपत्री ओढलेली,
ड्रायव्हरचा बाभळीखाली तिसरा चहा
आणि गेटपास नाही.
चक्कीवर वाचवलेली सतरा मिनिटं
दारात दोन दिवस बसून राहिली.

मग मी कागदामागं निघाले.
हळद कागदालाही सोडत नाही.
यास्मिन मुलाणीच्या टेबलावर एक ऑर्डर उलगडली:
कोपऱ्यावर सात अंगठे,
गडद, मग फिके, शेवटी नुसता वास.
खरेदी, भांडार, पुन्हा खरेदी, आकडा खोडला म्हणून,
लॅब, हिशेब, पुन्हा लॅब, सही राहिली म्हणून,
हिशेब.
"एकच गोष्ट तीनदा लिहिते," यास्मिन म्हणाली,
"वहीत, कॉम्प्युटरात,
आणि साहेबांच्या डायरीत,
कारण पहिल्या दोन्हींवर त्यांचा भरवसा नाही."

वाट काचेच्या दारापाशी संपत होती.
आत पांढरी फरशी, चपला बाहेर.
टेबलावर सागवानी ट्रे, त्यात एकेचाळीस कागद,
आणि तळाशी, अकरा दिवसांचा, आपला गेटपास.

माझे अण्णा हरिपूरला पेवं उघडायचे.
झाकण काढलं की आधी कंदील सोडायचे खाली.
ज्योत मालवली तर कुणी उतरायचं नाही,
मालक घाई करो, व्यापारी ओरडो.
हळद तिथंही थांबायची, वर्षं वर्षं थांबायची,
पण कुणाची, किती, कधीपासून
हे पेवाच्या तोंडाशी बसलेलं पोरही सांगायचं.

मी साहेबांना काही सांगितलं नाही.
ट्रेतला वरचा कागद त्यांच्या हातात दिला,
म्हटलं, हा जिथून आला तिथवर चला, माझ्याबरोबर.
बूट काढलेलेच होते, तसेच निघाले.
लॅबच्या बाकावर पंचवीस मिनिटं बसलो,
कारण शिक्का असलेल्या कपाटाची किल्ली जेवायला गेली होती.
भांडारात त्यांना कुणी ओळखलं नाही,
"रांगंत या," म्हणाला बाबू सनदी, मान वर न करता.
ते रांगेत उभे राहिले.

चक्कीपाशी सुशाबाईंनी पट्टा थांबवला.
"साहेब, चालणं कमी झालं, बरं झालं, गुडघं राहिलं.
पर चालणं कमी झालं म्हंजे
मान्सं बी कमी व्हणार का?"
साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.
मी फळ्याकडं.
फळ्यावर मिनिटं होती, पोती होती, पावलं होती.
हे कुठं लिहायचं, ते मी आखलंच नव्हतं.

केबिनमध्ये परत गेलो तेव्हा
पांढऱ्या फरशीवर त्यांची पावलं उमटली, दारापासून खुर्चीपर्यंत.
मावशी फडकं घेऊन आल्या.
"असू दे," म्हणाले, आणि एकेचाळीस कागद
उभ्यानंच सही करत गेले. डायरी मात्र बंद केली नाही.

ट्रक पावणेपाचला सुटला.
सुशाबाई पट्ट्यापाशीच होत्या,
सुई हातात, दोरा ओवलेला,
उत्तराची वाट बघत.