काळ्या मुळीचा भाव

वेस्ट व्हर्जिनियातल्या या उतारावर
दव अजून गोठलेलं,
आणि आर्डिथने स्वेटर काढून फांदीला टांगला आहे.
आलीच ती. छातीतून वर, मानेवर,
थेट कानांच्या पाळ्यांपर्यंत.
अंगाची लाही लाही.
आर्डिथ कुदळीवर रेलून उभी राहते.
जाईल. दोन मिनिटांत जाते,
मग उरतो ओल्या बनियनचा गारठा.

ब्लॅक कोहॉश हलक्या हाताने खणावी लागते.
काळी, गाठाळ, केसाळ मुळी,
पाठीवर दरवर्षीच्या देठाचा एकेक वण.
नखाने माती खरवडून ती मोजते:
चौदा.
चौदाव्या वर्षीच तिचं सुरू झालं होतं.
हिशेब जुळल्यासारखा वाटतो. जुळत काही नाही.

बहीण लव्होन छातीच्या कॅन्सरने गेली,
म्हणून डॉक्टरीणबाई हार्मोनचं नावही काढू देत नाहीत.
मग ही मुळी?
बाईंनी खांदे उडवले. काहींना बरं वाटतं.
काहींना नुसत्या साखरेच्या गोळीनेही वाटतं.
यकृताकडे लक्ष ठेवू. किती घेतेस ते सांगत जा.
किती घेते!
तीस वर्षं पोत्याने विकतेय मी, बाई.

हॉयट ट्रकच्या मागे काटा लावून बसतो.
"हे सगळं जातं कुठं?" तिने एकदा विचारलं.
"बायकांना," तो म्हणाला,
आणि काट्याकडे बघत लालेलाल झाला.
पुढे फार्मसीत तिने बाटली पाहिली.
वर जांभळं फूल (हिचं तर पांढरं असतं),
साठ गोळ्या,
किंमत पाच पौंड मुळीएवढी.
तिने बाटली होती तशी ठेवून दिली, लेबल पुढे करून.

रात्री घरी तीच मुळी उकळते.
कडूजहर. वास बंद तळघराचा.
नवरा खिडकी लावायला उठतो,
ती म्हणते, राहू दे.
तो बिचारा दुसरी रजई ओढून घेतो.
लागू पडते का, कुणी विचारलं तर
ती म्हणते, कधीकधी.
कधी मुळी, कधी खिडकी.

पोतं अर्ध्यावर आलंय.
चौदा वणांची मुळी मात्र ती त्यात टाकत नाही.
डोळा वर ठेवून परत पुरते,
बुटाने माती दाबते.
लव्होनची पोर यंदा एकोणचाळीसची झाली.
अजून दहा-बारा वर्षं,
मग तिच्यावर पाळी जाण्याची पाळी.
तोवर या उतारावर काहीतरी असावं.
लागू पडो, न पडो.

स्वेटर फांदीवरच राहिला.
आठवलं तेव्हा ती रस्त्याला लागली होती.