चार मिनिटं

वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस हा रस्ता शेळ्यांचा,
आर्टिचोक लादलेल्या खेचरांचा,
आणि शेजारच्या सावेरियोच्या लंगड्या कोंबडीचा.
उरलेला एक दिवस शर्यतीचा.

त्या दिवशी आया पोरांना पलंगाच्या पायाला बांधत,
पाद्री पहाटेच मिस्सा उरकून घेई
आणि माझा बाप, गांदोल्फो,
खराट्यानं वळण झाडी.
एकच वळण.
सिसिलीच्या या डोंगरातल्या शेकडो वळणांतलं
आमच्या दाराशी आलेलं.

त्याच्याआधी आजोबा झाडायचे. तेही गांदोल्फोच.
त्यांच्या काळी आधी धूळ यायची, मग आवाज,
मग धुळीतून दोन माणसं:
एक चालवणारा, एक नुसता धरून बसलेला.
पहिल्या वर्षी गावाला वाटलं सारावसुलीवाले आले,
अर्धं गाव रानात पळालं.
आजोबा पळाले नाहीत. त्यांच्याकडे वसूल करण्यासारखं
काही नव्हतंच.

मधे याच वळणावरून रणगाडे गेले.
त्यांच्यासाठी कुणी झाडलं नाही.

मग पुन्हा गाड्या. लाल, रुपेरी, एकदा एक निळी,
जिचा चालवणारा तोंडात लिंबाची फोड धरून होता.
इथं गाड्या घोळक्यानं सुटत नाहीत,
एकेक सोडतात, मोजून,
जशी आई तव्यावरून भाकरी काढते.
बापाकडे घड्याळ नव्हतं, कान होते.
खालच्या पुलापासून आमच्या दारापर्यंत
गाडीला दोन ‘नमो मरिया’ लागायचे,
सावकाश म्हटलेले, आमेनसकट.

मी जन्मले ते शर्यतीच्या दिवशी.
आई आत. सुईण वेनेरा रस्त्यापलीकडे.
मधे शिपाई, हात आडवा: रस्ता बंद आहे, बाई.
वेनेरा म्हणाली, ते पोराला सांग.
बापानं खराटा टाकला. वळण अर्धंच झाडलेलं.
पुलावर एक आवाज विझला, दुसरा अजून उगवला नव्हता.
बाप ओरडला, आत्ता!
आणि ती अगडबंब बाई झगा गुडघ्यापर्यंत उचलून
धावत आली, बोचकं छातीशी,
एक सपात रस्त्याच्या मधोमध सोडून.

पुढच्या गाडीवाल्याला ती सपात दिसली.
खडी दिसली नाही.

भिंतीला अजून खोक आहे, बोट जाईल एवढी.
तो उतरला, गालावर रक्त, भाषा उत्तरेकडची,
कुणाला न कळणारी.
बाप दगडासारखा उभा.
तेवढ्यात आतून मी रडले.
त्यानं दोन्ही हातांनी विचारलं, काय झालं?
बाप म्हणाला, मुलगी.
त्यानं मान डोलावली
आणि हातोडा मागितला.
दोघांनी मिळून पत्रा चाकापासून ठोकून वर केला.
गेला तो. कितवा आला, आम्हाला कधी कळलं नाही.

शर्यतीच्या वहीत म्हणे त्याच्या नावापुढे
त्या फेरीला चार मिनिटं जास्त आहेत.
वहीत कारणाचा रकाना नाही.

मी वीस वर्षांची झाले तोवर
पुलापासून दारापर्यंत एक ‘नमो मरिया’ही पुरेना.
‘तू धन्य’ म्हणेस्तोवर खिडकीची काच थरथरायची
आणि गाडी वरच्या गावात.
बाप झाडत राहिला, पण आता
झाडताना मागे वळून बघायचा.
नंतर खालच्या बाजूला माणसं मेली,
कडेला उभी असलेली, बघायला आलेली.
त्यानंतर शर्यत झाली नाही.

आता पुलाजवळ रस्ता खचलाय.
नगरपालिकेनं पाटी लावली, तीही खचली.
वसंतात जुन्या गाड्या घेऊन पिकल्या केसांचे हौशी येतात,
हळूहळू, कोंबड्यांना वाट देत,
आणि वळणावर उभे राहून फोटो काढतात.
एकानं मला विचारलं, इथं कधी अपघात झाला होता का?
मी म्हटलं, नाही.
एक सपात हरवली होती.

तेवढं खरं आहे. वेनेरा मरेपर्यंत
बापाला रस्त्यात गाठून विचारायची:
गांदोल्फो, माझ्या दुसऱ्या पायाचं काय?